पशुवैद्यकाचे उत्तर : शॅमेलिऑनच्या पिल्लाने खाणे सोडले आहे

प्रश्न : आदरणीय डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा नववीत शिकतो. दिवाळीत त्याच्या काकांनी पुण्याहून त्याच्यासाठी व्हेल्ड शॅमेलिऑनचे, म्हणजे रंग बदलणाऱ्या एका परदेशी सरड्याचे, पिल्लू आणले. विक्रेत्याने ते दोन महिन्यांचे असल्याचे सांगितले होते. म्हणजे आता ते साधारण साडेतीन महिन्यांचे असावे. सुरुवातीला ते दिवसाला दहा-बारा लहान रातकिडे खात असे. थंडी वाढली तसे खाणे कमी होत गेले आणि गेल्या सहा दिवसांत त्याने एकही किडा खाल्लेला नाही. रंग काळपट पडला आहे आणि दिवसाही ते डोळे मिटून बसते. आम्ही त्याला माशांच्या काचेच्या टाकीत ठेवले आहे. टाकीत पाण्याची वाटी आहे, रात्री उबेसाठी लाल दिवा लावतो आणि खिडकीच्या काचेतून दुपारी ऊन येते. मुलगा सकाळी सात वाजता शाळेत जाण्यापूर्वी टाकीत पंधरा-वीस रातकिडे सोडतो. त्या वेळी खोलीत १५ अंश तापमान असते. परवा पिल्लाने जीभ बाहेर काढली, पण ती किड्यापर्यंत पोचलीच नाही, असे मुलगा सांगतो. पुढचे पाय थोडे बाकदार दिसतात. विष्ठेबरोबर येणारा पांढरा भाग आता नारिंगी येतो. सोनाराच्या काट्यावर गेल्या आठवड्यात वजन १९.१ ग्रॅम होते, काल १७.४ ग्रॅम भरले. गावातील पशुवैद्यकांनी आपल्याला या प्राण्याचा अनुभव नाही असे प्रामाणिकपणे सांगितले. ड्रॉपरने ग्लुकोजचे पाणी पाजून पाहिले. शेजारी दूध-अंडे भरवा म्हणतात. भरवावे का?
— एक वाचक भगिनी, भुसावळ

उत्तर : ताई, आपले पत्र हाती आले त्याच दिवशी आपल्याशी दूरध्वनीवर बोललो, कारण अंक छापून येईपर्यंत थांबण्याइतका वेळ या पिल्लाजवळ नव्हता. तेव्हा घाईत जे सांगितले तेच इथे कारणांसहित लिहितो आहे, म्हणजे असे पिल्लू ज्यांच्या घरी आहे त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. दूध-अंडे भरवू नका, ग्लुकोज पाजू नका, तोंड उघडून किडा कोंबू नका. शॅमेलिऑनच्या जिभेच्या बुडाशीच श्वासनलिकेचे तोंड असते. ड्रॉपरने सोडलेला थेंब घशाऐवजी फुप्फुसात उतरायला क्षणही लागत नाही, आणि अशक्त पिल्लाला मग न्यूमोनिया होतो. दूध पचवण्याची सोय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीरात नसते. शिवाय ज्या पिल्लाच्या हाडांत कॅल्शियम कमी आहे त्याचा जबडा बोटाने उघडताना मोडू शकतो, आणि आपल्या पिल्लाच्या बाबतीत मला नेमकी तीच शंका आहे. खाणे बंद होणे हे इथे दुखण्याचे बाहेर दिसणारे लक्षण आहे. आधी पाणी, मग ऊब, मग प्रकाश आणि शांतता, आणि सर्वांत शेवटी अन्न, हा क्रम पाळला तर बहुतेक वेळा पिल्लू आपण होऊन खाण्याकडे वळते. हा क्रम उलटा करून आधी अन्न भरवले, तर थंड आणि कोरड्या पोटात ते पचत नाही, तिथेच कुजते.

वजन करण्याचे आपल्याला सुचले, ही फार मोलाची गोष्ट झाली. १९.१ वरून १७.४ म्हणजे आठवड्यात सुमारे नऊ टक्के घट. पूर्ण वाढलेला निरोगी शॅमेलिऑन आठवडाभर कमी खाऊन राहू शकतो. कात टाकताना किंवा नव्या घरी आल्यावर तो एक-दोन दिवस खात नाही, त्याची चिंता नसते. मात्र वाढत्या पिल्लाच्या अंगात साठा नसतो. पिल्लाने सलग दोन-तीन दिवस काही खाल्ले नाही तर ते आजारी आहे असेच धरून चालावे, आणि दिवसाउजेडी डोळे मिटून बसले असेल तर तेवढेही थांबू नये. हा प्राणी शिकाऱ्यांच्या नजरेतून वाचण्यासाठी दुखणे शेवटपर्यंत लपवतो. डोळे मिटेपर्यंत दुखणे बरेच पुढे गेलेले असते. वजन रोज एकाच वेळी, सकाळी, हलक्या कापडी पिशवीत ठेवून करावे आणि वहीत लिहावे. स्वयंपाकघरातला काटा त्यासाठी चालत नाही; ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा लागतो, आणि तो आपल्या भागात प्रत्येक सराफी पेढीवर असतो.

आता पाण्याविषयी. विष्ठेबरोबर येणारा पांढरा भाग हे त्याच्या मूत्राचे घनरूप असते. तो पांढरा असेल तर शरीरात पाणी पुरेसे आहे, पिवळसर झाला तर कमी आहे, आणि नारिंगी झाला म्हणजे शरीर पार सुकले आहे. डोळ्यांचे उंचवटे आत गेले असतील तर तेही याचेच चिन्ह. टाकीतल्या वाटीत पाणी असूनही पिल्लू तहानलेले राहिले, याचे आपल्याला आश्चर्य वाटेल. पण शॅमेलिऑन सहसा साठलेल्या पाण्याकडे वळत नाही. पानावर पडलेले, हलणारे, चमकणारे थेंब त्याला दिसतात आणि तेच तो चाटतो. त्यासाठी औषधांच्या दुकानातून सलाईनचा नवा, कोरा संच आणून त्याला स्वच्छ पाण्याची बाटली जोडावी आणि दोन सेकंदांना एक थेंब या गतीने अर्धा तास पानांवर पाणी ठिबकू द्यावे. शिवाय सकाळी ऊब मिळाल्यानंतर आणि संध्याकाळी दिवा मालवण्याच्या आधी, कोमट पाण्याचा अगदी बारीक फवारा दोन-तीन मिनिटे पानांवर मारावा; फवारा पिल्लाच्या तोंडावर मारू नये. सुरुवातीला ते नुसते बसून राहील. पंधरा-वीस मिनिटांनंतर जबडा हळूहळू हलताना दिसला की ते पाणी पीत आहे असे समजावे आणि खोलीतून निघून जावे.

ऊब हा आपल्या पत्रातला दुसरा धागा आहे. शॅमेलिऑन स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करत नाही. बाहेरची ऊब अंगात मुरली की मगच त्याची पचनसंस्था काम करू लागते. आपला मुलगा अगदी मनापासून सकाळी सात वाजता किडे सोडतो, पण त्या वेळी खोलीत १५ अंश तापमान असते आणि पिल्लू तोंडसुद्धा उघडू शकत नाही. काळपट रंगाचे एक कारण हेच आहे: गडद अंग ऊब लवकर शोषून घेते. इथे एक गैरसमज दूर करतो. व्हेल्ड शॅमेलिऑन मूळचा येमेनचा आणि सौदी अरबस्तानच्या नैऋत्य भागाचा आहे. तिथल्या डोंगरात रात्री थंडच असतात, आणि निरोगी मोठा प्राणी रात्रीचा गारवा सहज सोसतो. बिघडते ते सकाळी अंग तापवायला जागाच नसली तर. खानदेशात पौष-माघात पहाटे दात वाजतात आणि दुपारी शर्ट काढावासा वाटतो. झाडावरचा प्राणी उन्हात सरकून हा फरक स्वतः सांभाळतो, काचेच्या टाकीतले पिल्लू तो सांभाळू शकत नाही.

टाकीऐवजी जाळीचा पिंजरा घ्यायचा आहे, ते पुढे सांगतो. कोंबडीच्या पिल्लांना ऊब देण्यासाठी वापरतात तसला पिवळ्या उजेडाचा साधा ४० वॅटचा दिवा पिंजऱ्याच्या वर, जाळीच्या बाहेर लावावा. त्याच्याखाली एक आडवी फांदी ठेवून त्या फांदीवर, पिल्लाची पाठ जिथे येईल तिथे, तापमापक टेकवून बघावा. तिथे २८ ते ३० अंश हवे, आणि पिंजऱ्याच्या दुसऱ्या, खालच्या भागात २४-२५ अंश, म्हणजे पिल्लाला हवे तेव्हा दूर जाता येईल. दिवा जाळीच्या आत कधीही लावू नये. शॅमेलिऑन तापलेल्या दिव्याला चिकटून बसतो आणि पाठ भाजेपर्यंत त्याला कळत नाही. रात्रीचा लाल दिवा काढून टाकावा. त्या उजेडात त्याला झोप लागत नाही आणि झोप न मिळालेले पिल्लू दिवसा डोळे मिटते. आजारपणात रात्रीही खोली १८-२० अंशांच्या खाली जाऊ नये, त्यासाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर जाळीबाहेर, वरून लावता येतो. तो नसेल तर पिंजरा घरातल्या आतल्या खोलीत हलवावा आणि तीन बाजूंनी घोंगडी लावून वरची बाजू हवेसाठी उघडी ठेवावी.

आपल्या पत्रातले जे वाक्य मी दोनदा वाचले ते म्हणजे जीभ किड्यापर्यंत पोचली नाही हे. आपल्या मुलाची नजर चांगली आहे. मोठ्या माणसांकडूनही हे निरीक्षण सुटते. शॅमेलिऑनची जीभ त्याच्या धडापेक्षाही लांब फेकली जाते. तोंडाच्या तळाशी एक निमुळते हाड असते, त्याच्याभोवती जिभेचा स्नायू आणि लवचिक पडदे गुंडाळलेले असतात; ताणलेल्या गलोलीचे रबर सोडावे तशी ती जीभ सुटते. हे सारे स्नायूंच्या आकुंचनावर चालते, आणि स्नायूंच्या आकुंचनाला रक्तात पुरेसे कॅल्शियम लागते. रक्तात कॅल्शियम कमी झाले की शरीर ते हाडांतून काढून घेते. हाडे मऊ होतात, पाय बाकदार होतात, फांदीवरची पकड सैल पडते आणि जीभ अर्ध्यावर थांबते. आपण वर्णन केलेले बाकदार पाय आणि तोकडी जीभ यांचा एकत्रित अर्थ माझ्या मते हाच आहे: पिल्लाला भूक लागते, किडा दिसतो, पण तो पकडण्याचे बळ उरलेले नाही. जीभ न पोचण्याला अ जीवनसत्त्वाची कमतरता, तोंडातला जंतुसंसर्ग किंवा नुसता पाण्याचा अभाव हीही कारणे असू शकतात. म्हणून तोंडाची तपासणी आणि क्ष-किरण छायाचित्र यांवाचून निदान पक्के करता येत नाही.

हे कॅल्शियम कमी का झाले याचे उत्तर खिडकीच्या काचेत आहे. अन्नातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला ड जीवनसत्त्व लागते, आणि ते शॅमेलिऑनच्या त्वचेत सूर्याच्या अतिनील-ब किरणांमुळे तयार होते. हे किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत. खिडकीतून आलेल्या उन्हात पिल्लू तासन्‌तास बसले तरी त्याला मिळते ती फक्त ऊब. विक्रेत्याने याची कल्पना दिली असती तर बरे झाले असते. आता दोन गोष्टी कराव्यात. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी अतिनील-ब किरणांची पाच-सहा टक्क्यांची लांब नळी आणून ती पिंजऱ्यावर रोज १० ते १२ तास लावावी; नळी आणि फांदी यांत वीतभर अंतर असावे. साधा एलईडी दिवा किंवा वळणदार सीएफएल त्याची जागा घेत नाही. नळी उजेड देत राहिली तरी त्यातले हे किरण वर्षभरात क्षीण होतात, म्हणून ती वर्षाने बदलावी. नळी येईपर्यंत, हिवाळ्यात नऊ-साडेनऊच्या सुमारास ऊन सोसवेल असे झाले की जाळीच्या पिंजऱ्यात वीस मिनिटे उघड्या उन्हात ठेवावे. पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत असावा, आणि माणसाने तिथून हलू नये, कारण मांजर आणि कावळा यांना वीस मिनिटे फार होतात. काचेची टाकी उन्हात ठेवणे म्हणजे पिल्लाला शिजवणे आहे. ते कदापि करू नये.

टाकी तशीही बदलायलाच हवी. तिच्यात हवा कोंडते आणि काचेत पिल्लाला स्वतःचेच प्रतिबिंब दिसते. दुसरा शॅमेलिऑन सतत समोर उभा आहे असे समजून ते सारखे धास्तावलेले राहते, आणि धास्तावलेला शॅमेलिऑन खात नाही. उभा, जाळीचा पिंजरा घ्यावा. आत जास्वंदीची कुंडी आणि मनी प्लांट ठेवावा. जास्वंदीची पाने-फुले खाल्ली तरी अपाय नाही. कण्हेर आणि रुई मात्र आत येऊ देऊ नयेत, दोन्ही विषारी आहेत. पिंजरा माणसाच्या डोळ्यांच्या वर येईल इतक्या उंचीवर, दूरदर्शन संचापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठेवावा. पाहुण्यांना दाखवण्यासाठी पिल्लू हातावर घेणे काही आठवडे पूर्ण बंद करावे. आपल्या मुलाला हे जड जाईल, पण औषध म्हणून ते त्याला समजावून सांगावे.

अन्नाकडे आता येतो. दिवा लावल्यानंतर दोन तासांनी, म्हणजे अंग तापल्यावर, तीन किंवा चार किडे द्यावेत, वीस नव्हेत. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. अशक्त जिभेला पळता किडा धरणे कठीण जाते, म्हणून उथळ वाटीत किंवा चिमट्याने फांदीजवळ धरून द्यावा. उरलेले रातकिडे संध्याकाळी मोजून बाहेर काढावेत. उपाशी रातकिडा झोपलेल्या पिल्लाची कातडी आणि डोळ्यांच्या कडा कुरतडतो, आणि त्या अनुभवानंतर पिल्लू रातकिड्याकडे पाहायलाही घाबरते. किड्यांना आदल्या दिवशी शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा खायला घालावा, म्हणजे त्यांच्या पोटातले ते पिल्लाच्या पोटात जाते. देण्यापूर्वी त्यांना फॉस्फरस नसलेल्या कॅल्शियमच्या भुकटीत हलकेच घोळवावे. ड जीवनसत्त्वयुक्त भुकटी पंधरवड्यातून एकदा पुरते, रोज दिली तर अपाय करते. माणसांसाठीचे कॅल्शियमचे गोड सिरप देऊ नये. रेशीम उत्पादक शेतकऱ्यांशी ओळख असेल तर त्यांच्याकडच्या चॉकी अवस्थेतल्या लहान अळ्या मागाव्यात. त्या मऊ असतात, त्यांच्या अंगात पाणी भरपूर असते आणि आजारी पिल्लू त्या लवकर स्वीकारते. शेतातले नाकतोडे मात्र आणू नयेत. आपल्याकडे कपाशीवर आणि केळीवर किती फवारण्या होतात हे आपण जाणताच; फवारलेला एक नाकतोडा या पिल्लाचा जीव घ्यायला पुरेसा आहे. घरातल्या झुरळांचेही तेच.

हे सगळे केले तरी पशुवैद्यक टळत नाही. गावातल्या पशुवैद्यकांनी अनुभव नसल्याचे मोकळेपणाने सांगितले, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. त्यांच्याकडून एक मदत निश्चित घेता येईल: पिल्लाची ताजी विष्ठा ओलसर कापसात, स्वच्छ डबीत घालून त्यांना किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात नेऊन द्यावी. जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) सूक्ष्मदर्शकाखाली शेळी-कोंबडीच्या लेंडीत जसे ओळखतात तसेच इथेही ओळखता येतात. औषध आणि मात्रा मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्यांनीच ठरवावी. गुरांचे किंवा कोंबड्यांचे जंताचे औषध अंदाजाने देऊ नये. असे पशुवैद्यक नाशिक, पुणे, मुंबई या शहरांत शोधावेत आणि निघण्यापूर्वी दूरध्वनीवर वेळ घ्यावी. नेताना भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात एक फांदी घट्ट बसवून, आत अंधार ठेवून न्यावे. भुसावळहून रात्रीची गाडी धरणार असाल तर वातानुकूलित डबा टाळावा आणि खोक्याच्या बाहेरून, टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली लावावी. पिंजऱ्याची, दिव्याची आणि वजनाच्या वहीची छायाचित्रे सोबत असली की निम्मे निदान तिथेच होते.

दोन गोष्टी थोडक्यात. पिल्लाला, पिंजऱ्याला हात लावल्यानंतर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. आणि या जातीचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रित असल्याने, वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी शासनाच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. काकांकडून पावती मागून घ्यावी आणि वनविभागाच्या कार्यालयात नोंदणीची चौकशी करावी.

हे लिहीत असताना आपला दूरध्वनी आला. तिसऱ्या दिवशी पिल्लाने पाणी प्यायले, पाचव्या दिवशी चिमट्यातली अळी घेतली, आणि नाशिकच्या पशुवैद्यकांनी क्ष-किरण पाहून हाडे पातळ झाल्याचे सांगून कॅल्शियमचे उपचार सुरू केले. वजन १७.९ झाले आहे. पायांचा बाक पूर्ण जाईल असे मी सांगू शकत नाही, पण आता त्याने डोळे उघडले आहेत आणि मला त्याची आशा वाटते.

प्रश्न : सर, मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. गेल्या मे महिन्यात माझा चार महिन्यांचा शॅमेलिऑन तीन दिवस काही न खाता दगावला. त्याचा रंग फिका झाला होता आणि तो तोंड उघडे ठेवून बसत असे. दिवा, नळी, कॅल्शियम सगळे व्यवस्थित होते. माझे काय चुकले? दुसरा आणावा का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : आपले दुःख मी समजू शकतो, आणि आपण हे विचारले म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. फिका रंग आणि उघडे तोंड ही अंग तापल्याची खूण आहे. शॅमेलिऑनला घाम येत नाही. तो रंग फिका करून ऊन परतवतो आणि तोंडातल्या ओलाव्याने अंग निववतो. त्या दिवसांत धुळ्या-जळगावात पारा ४३-४४ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत रात्रीही ३२-३३ अंश राहतात. अशा खोलीत आपण बहुधा सवयीने उबेचा दिवाही चालू ठेवला असणार. खोलीच ३० अंशांवर गेली की तो दिवा बंद करायचा असतो आणि फक्त अतिनील नळी ठेवायची असते, हे आपल्याला कुणी सांगितले नाही, आणि परदेशी थंड घरांसाठी लिहिलेल्या सूचनापत्रकात ते नसते. उघड्या तोंडाबरोबर श्वासाला चिकट आवाज किंवा नाकातोंडाशी फेस असता तर छातीचा संसर्ग म्हणता आला असता. तसे आपण लिहिलेले नाही.

दुसरा आणण्यापूर्वी आपल्या खोलीत एक तापमापक लावून येत्या वैशाखातले दुपारचे आणि रात्रीचे आकडे लिहून काढा. तळमजल्यावरची, वाळ्याच्या पडद्याची किंवा कूलरची खोली असेल, कूलरचा झोत पिंजऱ्यावर थेट येणार नाही, भारनियमनात पिंजऱ्याच्या दोन बाजूंना ओले गोणपाट टाकायला घरी कुणी असेल आणि रात्रीचे तापमान २६-२७ च्या आत राहत असेल, तरच आणावा. तसे होत नसेल तर माझे मत नको असे आहे.

प्रश्न : केळीच्या बागेच्या बांधावर माझ्या मुलांना हिरवे, गोल फिरणाऱ्या डोळ्यांचे सरड्याचे पिल्लू सापडले. चार दिवसांपासून ते खोक्यात आहे. मुंग्या, माशा टाकतो, पण खात नाही. म्हातारी माणसे म्हणतात ते विषारी असते. काय खायला द्यावे?
— एक शेतकरी वाचक, चोपडा तालुका

उत्तर : दादा, हा सरडगुहिरा, काही ठिकाणी ज्याला घोयरा म्हणतात तो. भारतात शॅमेलिऑनची ही एकच जात आहे. तो विषारी नाही. त्याच्या चाव्यात, थुंकीत किंवा नजरेत कसलेही विष नसते. चिडला की तो फुगतो, तोंड वासून फुत्कारतो आणि काळा पडतो, त्यावरून ही समजूत पसरली असावी, आणि तिच्यापायी दरवर्षी किती सरडगुहिरे दगडाखाली जातात हे पाहून जीव तुटतो. आपल्या मुलांनी दगड उचलला नाही, याचे मला फार बरे वाटले.

त्याला काही आजार झाला आहे असे आपल्या वर्णनावरून दिसत नाही. चार भिंतींच्या खोक्यात, डोक्यावरून माणसे वाकून बघत असताना, रानातला सरडगुहिरा खाणारच नाही. तो भीतीने उपाशी राहतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे आणि घरी पाळता येत नाही, म्हणून काय खायला द्यावे याचे उत्तर मी देत नाही. पाय मोडलेला असेल, जखम असेल किंवा डोळे उघडतच नसतील तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि ते येईपर्यंत खोके सावलीत, शांत जागी ठेवा. तसे काही नसेल तर त्याला आणखी ठेवू नका. सकाळी ऊन थोडे वर आले की, जिथे सापडले त्याच बांधावर, ज्या बाजूला नुकतीच फवारणी झालेली नाही अशा बाजूच्या बोरीच्या किंवा बाभळीच्या झाडाशी न्या. हाताने उचलू नका. एक काडी त्याच्या पुढच्या पायांसमोर धरा, ते आपण होऊन तिच्यावर चढेल. मग ती काडी आडव्या फांदीला टेकवा आणि मुलांना चार पावले मागे उभे करा. त्याला फांदी पकडायला वेळ लागेल. घाई करू नका.